विश्लेषण : नाव तेच, गेम दुसराच! ऑनलाइन स्टोअरमधला हा गोंधळ कुणी निस्तरायचा?

'पबजी टाकून द्या ना' असा हट्ट मुलाने धरला, तर पालकाने मोबाइलमध्ये नेमके काय शोधायचे? पबजी मोबाइलवर भारतात २०२० पासून बंदी आहे आणि त्याच्या जागी आलेल्या गेमचे नाव वेगळे आहे. 'फ्री फायर' म्हटले, तर त्यातला एक बंद आहे आणि एक चालू. 'लुडो' म्हटले, तर त्या नावाची रांगच समोर उभी राहते. मिरा रोडच्या नया नगरसारख्या दाट वस्तीत एकच मोबाइल घरातली तीन-चार माणसे वापरतात. गेम मागणारा एक, शोधणारा दुसरा आणि पैसे ज्याच्या खात्यातून जातात तो तिसरा, असा प्रकार तिथे नवा नाही. अशा घरात चुकीच्या नावावर बोट पडले तर मोबाइलमधली जागा वाया जाण्यावर ते निभावत नाही. पैसे, फोन नंबर, बँकेचे मेसेज असे सगळेच पणाला लागते. एकाच नावाचे इतके गेम स्टोअरमध्ये येतात कसे, कायदा काय सांगतो आणि हा गोंधळ आवरण्याची जबाबदारी कुणाची?

एकाच नावाचे अनेक गेम येतात कुठून?

तीन वाटांनी. पहिली वाट खुद्द मोठ्या कंपन्यांची. गाजलेले जुने नाव नव्या गेमला पुन्हा द्यायचे, ही या धंद्यातली जुनी सवय. 'डूम' १९९३ मध्ये आला आणि २०१६ मध्येही. 'गॉड ऑफ वॉर' २००५ चा आहे आणि २०१८ चाही. 'प्रे'ची गोष्ट तर आणखी अजब. २००६ च्या 'प्रे'शी २०१७ च्या 'प्रे'च्या कथेचा काहीही संबंध नाही. नव्या गेमचे दिग्दर्शक राफाएल कोलांतोनियो यांनी हे नाव आपल्याला नको होते, असे नंतर जाहीरपणे सांगितले. नावाचे हक्क कंपनीकडे होते, म्हणून ते वापरले गेले.

दुसरी वाट सर्वांच्या मालकीच्या शब्दांची. लुडो, कॅरम, रमी, तीन पत्ती हे शब्द कुणा एकाचे नाहीत. त्यामुळे त्या नावाने शंभर जणांनी गेम काढले तरी कुणाला चोर म्हणता येत नाही. कधी कधी निव्वळ योगायोगही असतो. जोश वॉर्डल यांचे 'वर्डल' हे शब्दकोडे २०२२ च्या सुरुवातीला जगभर गाजले. ते फक्त वेबसाइटवर होते, त्याचे अ‍ॅप नव्हतेच. पण अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये स्टीव्हन क्रावोटा या तरुणाने काही वर्षांपूर्वी टाकलेला, शेवटी उद्गारचिन्ह असलेला एक 'वर्डल!' पडून होता. लोकांनी तोच खरा समजून धडाधड डाउनलोड केला. क्रावोटा यांनी प्रामाणिकपणे हा गोंधळ जाहीर केला आणि मिळालेले पैसे मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेला देण्याचे ठरवले. पण त्याच दिवसांत काही जणांनी नाव आणि रूप दोन्ही उचलून नकला टाकल्या. त्यांवर बोंबाबोंब झाल्यावर अ‍ॅपलने त्या काढल्या.

तिसरी वाट हीच, सरळ नकलेची. एखादा गेम गाजतो आहे असे दिसले की त्याच नावाचे, तसेच चित्र लावलेले अ‍ॅप बनवायचे. त्यात जाहिराती भरायच्या किंवा मोबाइलमधली माहिती उपसायची. गेम चालतो की नाही, याच्याशी बनवणाऱ्याला देणेघेणे नसते.

स्टोअर एकच नाव दोघांना देतेच कसे?

स्टोअरला नावाने ओळखायची गरजच नसते, म्हणून. अँड्रॉइडच्या प्रत्येक अ‍ॅपला एक तांत्रिक ओळख असते, तिला पॅकेज नेम म्हणतात. ती रोमन लिपीत, टिंबांनी जोडलेली असते. प्ले स्टोअरमध्ये एक पॅकेज नेम दोन अ‍ॅपना मिळत नाही आणि एकदा अ‍ॅप प्रसिद्ध झाले की ते बदलताही येत नाही. अ‍ॅपल प्रत्येक अ‍ॅपला आकडी क्रमांक देते, पीसी गेम विकणारे 'स्टीम'ही तसेच करते. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने गोंधळ शून्य आहे. कोणता गेम कोणाचा, हे स्टोअरला अचूक माहीत असते.

चित्राखाली दिसणारे नाव मात्र निव्वळ पाटी असते. प्ले स्टोअरवर ३० अक्षरांच्या आत ती हवी, फसवी नसावी, असे नियम आहेत. पण ती एकमेव असावी, अशी अट नाही. अ‍ॅपलकडे हुबेहूब तेच नाव दुसऱ्याला घेता येत नाही. पण मागे एखादा शब्द, एखादे उद्गारचिन्ह जोडले की काम भागते.

विक्रेत्याचे नाव पाहिले तर फसवणूक टळेल, असे वाटेल. तेही पूर्ण खरे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्ले स्टोअरवर व्हॉट्सअ‍ॅपची नक्कल सापडली होती. तिच्या विक्रेत्याच्या नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक रिकामी जागा होती. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटली, माणसाला एकच. ती नक्कल दहा लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाली आणि मग हटवली गेली.

'नया नगर'चे पत्र माहीमला का जात नाही?

सारख्या नावांचा प्रश्न भारताला नवा नाही. नया नगर हेच नाव घ्या. मिरा रोडमध्ये नया नगर आहे, माहीममध्येही नया नगर आहे. नवी वस्ती झाली की तिला हे नाव द्यावेसे वाटणारच, त्यात कुणाची चूक नाही. रामनगर, शिवाजीनगर, गांधीनगर तर गावोगावी आहेत. तरीही पत्र सहसा चुकत नाही, कारण मिरा रोडच्या पत्त्याखाली ४०११०७ लिहिलेले असते आणि माहीमच्या पत्त्याखाली ४०००१६.

ही व्यवस्था एका मराठी माणसाने लावून दिली. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. गावांची सारखी नावे, अनेक भाषा, अनेक लिप्या आणि चुकीचे पत्ते यांमुळे होणारा घोळ मिटवणे हाच त्याचा उद्देश होता. टपाल खात्याने गावांना नावे बदलायला सांगितली नाहीत. 'तुमचे पत्र चुकले तर तुम्ही नीट बघायला हवे होते' असे लोकांना ऐकवलेही नाही. नाव आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य केले. आकडा तयार केला, तो लोकांना शिकवला आणि प्रत्येक आंतर्देशीय पत्रावर त्यासाठी चौकोन छापले.

गेम स्टोअरांकडे पिनकोड आधीपासून आहे. चौकोन मात्र त्यांनी छापलेले नाहीत. या सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. ओळख पटवणारी माहिती दुकानदाराच्या वहीत आहे आणि ग्राहकासमोर फक्त पाटी आहे.

पबजीवरून भारतात इतका घोळ का झाला?

कारण इथे नाव, गेम आणि कायदेशीर परवानगी या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुटल्या. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. दोनच दिवसांनी अभिनेता अक्षयकुमार याने 'फौजी' या देशी गेमची घोषणा केली. नावाचा उच्चार पबजीशी यमक जुळवणारा. तो प्रत्यक्षात २६ जानेवारी २०२१ रोजी आला. पण मधल्या काळात त्या नावाची बनावट अ‍ॅप्स फिरू लागली आणि कंपनीला लोकांना सावध करावे लागले. जो गेम अजून बाजारात आलेलाच नाही, त्याच्या नकला आधी आल्या.

दरम्यान नोव्हेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल इंडिया' येणार असे जाहीर झाले. त्या नावाने तो कधी आलाच नाही. मे २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हे नवे नाव जाहीर झाले आणि २ जुलै २०२१ रोजी तो गेम अधिकृतपणे आला. गंमत म्हणजे प्ले स्टोअरमधल्या त्याच्या तांत्रिक ओळखीत आजही 'पबजी' आहे : कॉम, पबजी, आयमोबाइल. पाटी बदलली तरी पिनकोड खरे ते सांगतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

घोळ तिथेही थांबला नाही. जुलै २०२२ मध्ये सरकारच्या आदेशानंतर हा गेमही दोन्ही स्टोअरमधून उतरवला गेला. तो मे २०२३ मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत ज्यांना तो नव्या मोबाइलवर हवा होता, त्यांच्यासमोर कुठल्या तरी वेबसाइटवरून किंवा टेलिग्रामच्या चॅनलवरून एपीके फाइल उतरवण्याचाच मोह होता. लोकांच्या तोंडी तर आजही 'पबजी'च आहे. भारतीय स्टोअरमध्ये मूळ पबजी मोबाइल उपलब्ध नाही. त्यामुळे स्टोअरबाहेर त्या नावाने जे काही हाती लागेल, त्याची खात्री देणारा कुणीच नाही.

यात नुकसान कोणाचे, हेही स्पष्ट आहे. भारतीय आवृत्तीत १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी पालकांची संमती, दिवसाला तीन तासांची वेळमर्यादा आणि रोजच्या खर्चावर सात हजार रुपयांची मर्यादा असे निर्बंध घातले गेले. ते पुरेसे आहेत का, यावर वाद होऊ शकतो. पण नकलेत यातले काहीच नसते.

फ्री फायर बंद आहे की चालू?

दोन्ही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने आणखी ५४ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात 'गरेना फ्री फायर' होता. त्याचीच अधिक चांगल्या चित्रांची आवृत्ती असलेला 'फ्री फायर मॅक्स' मात्र प्ले स्टोअरवर राहिला. पुढे 'फ्री फायर इंडिया' ५ सप्टेंबर २०२३ रोजी येणार, अशी जाहिरात झाली. महेंद्रसिंह धोनी तिचा चेहरा होता. आदल्या दिवशी ते लांबणीवर पडले.

म्हणजे एकाच नावाच्या तीन पाट्या : एक बंदीतली, एक चालू आणि एक नुसतीच जाहीर झालेली. नया नगरमधल्या दहावीच्या मुलाला हा फरक तोंडपाठ असेल. पण त्याच्या 'डायमंड' खरेदीसाठी यूपीआयचा पिन टाकणाऱ्या आईला तो कोण सांगणार? बंदी घालणाऱ्या सरकारने यादी प्रसिद्ध केली, कंपनीने निवेदन काढले. ज्या पडद्यावर निर्णय घ्यायचा असतो, त्या पडद्यावर मात्र खुलाशाचा एक शब्दही नव्हता.

लुडोच्या नावात पैशांचा प्रश्न कुठून आला?

'लुडो किंग' हा गेम गेमेशन या नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये आणला आणि टाळेबंदीत तो घराघरांत पोहोचला. तो घरगुती लुडोच आहे. त्याच्या यशानंतर लुडो या शब्दापुढे किंग, स्टार, क्लब, सुप्रीम अशी बिरुदे लावलेले गेम आले. हा शब्द कुणाच्या मालकीचा नसल्याने त्यात बेकायदा काही नव्हते. पण त्यातले काही गेम पैसे लावून खेळायचे होते. २०२१ मध्ये 'लुडो सुप्रीम'विरुद्ध मनसेच्या एका पदाधिकाऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. पैसे लावलेला लुडो हा कौशल्याचा नव्हे तर नशिबाचा खेळ आहे, म्हणून तो जुगार ठरवावा, अशी मागणी होती.

प्ले स्टोअर पैशांच्या लुडोला जागा देत नव्हते. त्यामुळे तो खेळू इच्छिणाऱ्यांना कंपन्यांच्या वेबसाइटवरून एपीके उतरवायची सवय लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'लुडो सुप्रीम'च्या कंपनीसह मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि मोफत खेळ सुरू ठेवले. आदल्या आठवड्यात ज्या नावाखाली पैसे लागत होते, त्याच नावाखाली आता मोफत सोंगट्या हलू लागल्या.

परंतु एपीकेची सवय कायद्याने जात नाही. ओळखीच्या नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, 'पैसेवाला पुन्हा सुरू झाला' असा निरोप सोबत आला, तर ती खरी की खोटी हे नावावरून कळायला मार्ग नाही. कायदा पाळणारा बाजूला झाला आणि त्याचे नाव वापरणाऱ्याला मैदान मोकळे झाले, असे होऊ द्यायचे नसेल तर नावापलीकडची ओळख लोकांच्या हाती द्यावीच लागेल.

कायदा काय म्हणतो?

नावाचे संरक्षण १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने होते. पण त्याचा वापर नावाचा मालक करतो, फसलेला ग्राहक नव्हे. वस्तूचे वर्णन करणारा शब्द तर सहसा ट्रेडमार्क होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे स्टोअरला 'मध्यस्थ' म्हणून संरक्षण मिळते : दुसऱ्याने ठेवलेल्या मालाबद्दल, काही अटी पाळल्या तर, त्याला जबाबदार धरले जात नाही.

मात्र हे संरक्षण बिनशर्त नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या प्रकरणात गुगलच्या जाहिरात व्यवहारावर निकाल दिला. एका कंपनीचे नाव शोधल्यावर दुसरीची जाहिरात दाखवणे हे दर वेळी बेकायदा ठरत नाही. पण या व्यवहारात गुगल निव्वळ त्रयस्थ नाही आणि त्यातून ट्रेडमार्कचे उल्लंघन होत असेल तर कलम ७९ ची ढाल मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल सर्च इंजिनच्या जाहिरातींचा होता. पण अ‍ॅप स्टोअरमध्येही एखाद्या गेमचे नाव टाकल्यावर सगळ्यात वर जाहिरातीतला दुसराच गेम दिसू शकतो. गेममधल्या खरेदीवर स्टोअर साधारण १५ ते ३० टक्के कमिशन घेते. जो जाहिरातीचेही पैसे घेतो आणि विक्रीचाही हिस्सा घेतो, तो फक्त भिंत भाड्याने देणारा कसा?

ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही आहेत. त्यानुसार ऑनलाइन बाजाराने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला ठळकपणे दाखवायला हवा. हे नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. शोधनिकालात विक्रेत्याचे नाव बारीक अक्षरात दाखवणे आणि पत्ता पानाच्या तळाशी, दोन-तीन ठिकाणी दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत ठेवणे, याला ठळक म्हणत नाहीत.

मग प्रत्येक नाव एकालाच द्यावे का?

हा उपाय सोपा वाटतो, पण तो धोक्याचा आहे. 'लुडो', 'कॅरम', 'तीन पत्ती' ही नावे पहिल्या येणाऱ्याला कायमची मिळाली तर बाकीच्यांनी करायचे काय? 'कँडी क्रश'च्या किंग या कंपनीने अमेरिकेत 'कँडी' या साध्या शब्दावरच हक्क मागितला होता. टीका झाल्यावर २०१४ मध्ये तिने तो अर्ज मागे घेतला. 'प्रे'चे नाव एका असंबंधित गेमला देणाऱ्या त्याच कंपनीने 'प्रे फॉर द गॉड्स' बनवणाऱ्या लहानशा चमूच्या नावावर हरकत घेतली. दोन्हींतल्या 'प्रे'चे इंग्रजी स्पेलिंग तेव्हा एकच होते. २०१७ मध्ये त्या चमूला स्पेलिंगमध्ये एक अक्षर घालून नाव बदलावे लागले. ज्याच्याकडे वकील आहेत, तो गोंधळ करूही शकतो आणि दुसऱ्यावर गोंधळाचा आरोपही करू शकतो, असा याचा अर्थ.

नावाची मक्तेदारी दिल्याने लहान गेमकर्ते मरतील. पुण्यातल्या किंवा मिरा रोडमधल्या एखाद्या इंजिनीअरने चांगला कॅरम बनवला, तर त्याला 'कॅरम' म्हणता आले पाहिजे. प्रत्येकाची ओळख स्पष्ट दिसत असेल तर नाव एकच असण्याने काही बिघडत नाही.

स्टोअरने काय करायला हवे?

काही गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. पहिली, शोधनिकालातच नावाखाली विक्रेत्याचे नोंदणीकृत नाव, शहर आणि गेम पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचे वर्ष दाखवणे. 'स्टीम'वर 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' हे दोन गेम आहेत, २००५ चा आणि २०१७ चा. जुन्याच्या नावातच 'क्लासिक, २००५' असे लिहिले आहे. एवढ्याने काम होते.

दुसरी, सारख्या नावाचे गेम असतील तर तशी पट्टी दाखवणे. मराठी विकिपीडियावर सारख्या नावांच्या लेखांसाठी 'निःसंदिग्धीकरण' नावाचे पान असते. ते काम स्वयंसेवक पदरमोड करून करतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांना ते जमू नये, हे पटणारे नाही. सरकारी बंदी लागलेल्या किंवा अजून न आलेल्या गेमचे नाव शोधले, तर 'हा गेम भारतात उपलब्ध नाही' एवढे एक वाक्य दाखवणेही याच कामाचा भाग आहे.

तिसरी, गेमचे नेमके नाव टाकून शोधणाऱ्याला सगळ्यात वर जाहिरातीतला दुसरा गेम न दाखवणे. चौथी, परताव्याची मुदत वाढवणे. प्ले स्टोअरवर खरेदीनंतर ४८ तासांत परतावा मागणे सोपे असते, नंतर मात्र बहुतेक वेळा विक्रेत्याकडे बोट दाखवले जाते. नक्कल विकणारा विक्रेता परतावा देईल, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. स्टोअरने एखादे अ‍ॅप नक्कल म्हणून काढले, तर त्यात पैसे घातलेल्या प्रत्येकाला ते आपोआप परत मिळायला हवेत. निदान स्टोअरने घेतलेला हिस्सा तरी.

स्टोअरबाहेरच्या एपीकेंचा प्रश्न वेगळा आहे. अँड्रॉइडवर चालणाऱ्या अ‍ॅपच्या विक्रेत्याची ओळख पडताळण्याची सक्ती गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केली. सप्टेंबर २०२६ पासून ती ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत लागू करायची आणि २०२७ पासून इतरत्र न्यायची, अशी ती योजना आहे. पहिल्या चारांत भारत नाही. शिवाय कंपनीला विक्रेता कोण ते कळणे आणि ग्राहकाला ते दिसणे यांत फरक आहे. पडताळणीचा निकाल पुन्हा दुकानाच्या वहीतच राहिला तर उपयोग अर्धाच.

तोवर वाचकांनी काय पाहावे?

गेमचे नाव ऐकून स्टोअरमध्ये शोधू नका. गेम बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्टोअरची लिंक उघडा. पानाच्या तळाशी जाऊन पहिल्या प्रसिद्धीची तारीख पाहा. पाच वर्षांपासून गाजणारा गेम दोन महिन्यांपूर्वी आलेला दिसत असेल तर तो तो नव्हे. शंका असेल तर ज्याच्याकडे खरा गेम आहे, त्याच्याकडून स्टोअरची लिंक मागवा आणि तुम्हाला दिसणाऱ्या पानाच्या लिंकशी ताडून पाहा. प्ले स्टोअरच्या लिंकमध्ये 'आयडी' आणि बरोबरच्या चिन्हानंतर येणारा मजकूर तंतोतंत जुळला पाहिजे. गेमने मेसेज वाचण्याची किंवा 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागितली तर तिथेच थांबा. नवे अ‍ॅप टाकण्यासाठी आधीचे खरे अ‍ॅप काढायला सांगितले जात असेल, तर ती नक्कल असण्याची दाट शक्यता आहे. खऱ्या अ‍ॅपची नवी आवृत्ती जुन्यावर आपोआप बसते, कारण दोन्हींवरची डिजिटल सही एकच असते.

मुलांच्या मोबाइलवर प्रत्येक खरेदीसाठी पासवर्डची अट ठेवा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. खरेदी स्टोअरमधून झाली असेल आणि परतावा नाकारला गेला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ही खबरदारी घ्यायलाच हवी. पण ती वाचकाच्या गळ्यात बांधून विषय संपवणे अन्यायाचे आहे. दहा वर्षांच्या मुलाने, वाचायला चष्मा लागणाऱ्या आजीने किंवा इंग्रजी अक्षरे जेमतेम लावणाऱ्या वडिलांनी पॅकेज नेम तपासावे, अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था सदोष आहे. किराणा दुकानदाराने एकाच नावाच्या दोन बरण्या शेजारी ठेवल्या आणि कोणती कशाची हे फक्त स्वतःच्या वहीत लिहिले, तर चूक गिऱ्हाइकाची धरली जात नाही. टपाल खात्याने ५० वर्षांपूर्वी ही जबाबदारी स्वतःवर घेतली होती, तेव्हा त्याच्याकडे संगणकही नव्हते. आज ज्यांच्याकडे ते सगळे आहे, त्यांच्याकडून ती नियमाने करून घेण्याची वेळ आली आहे.